निरगुडीची डहाळी

दोन हजार सालच्या आसपास डिंभ्याच्या धरणातले मासे घेऊन ती घोडेगावात आमच्या दाराशी यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मावशीच म्हणायचे. पाटीवर ओलं गोणपाट आणि हातात निरगुडीची डहाळी. बोलताना, पाणी पिताना तिचा हात माश्या हाकलतच असायचा. पाटी रिकामी असली तरी डहाळी हलायची.

फक्त माझ्या अंगणात ती डहाळी खाली ठेवायची आणि तुळशीच्या मंजिऱ्यांवरच्या मधमाश्या बघत बसायची.

"मावशी, मासे खराब होतील," मी म्हणायची.

"दिसभर हाकलायचंच हाय, ताई. हितं बसलेल्या जरा बघू द्या."

एकदा ती निघायला उठली, डहाळी उचलली, तेवढ्यात तुळशीवरची एक मधमाशी येऊन ओल्या गोणपाटावर बसली. भोवती साध्या माश्या होत्याच. मावशीचा हात वरच्या वर थांबला.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "मावशी, माश्या बघा किती बसल्यात. हाकला की. मला घ्यायचेत ते मासे."

मावशी जागची हलली नाही.

"तिला पानी पिऊ द्या आदी," ती म्हणाली. "मंग बाकीच्या हाकलते."