दहा फोटो आणि एक घार

१८ नोव्हेंबर, मंगळवार. स्वयंपाक आवरला होता आणि हातातलं काम होतं दहा फोटो निवडायचं. जाहिरातवाले, मासिकवाले ज्या वेबसाइटवरून तयार फोटो घेतात, त्यांपैकी एका वेबसाइटला ते पाठवायचे होते. तिथं आधी परीक्षा असते. दहा फोटो पाठवा, त्यातले सात पास झाले तर पुढं दार उघडं. संधी तीनच. मी दोनदा नापास झाले होते.

घनसावंगीत माझा फोटो स्टुडिओ पंधरा वर्षं चालला. मोबाइलनं पासपोर्ट फोटो खाल्ले, ड्रोनवाल्या पोरांनी लग्नं नेली, आणि मी शटर ओढलं. राहिला एक कॅमेरा. नवऱ्याच्या मामेभावाला तो हवा होता. मीच बोलून बसले होते, "तिसऱ्यांदा नापास झाले तर घेऊन जा." माणूस दर दोन दिवसांनी फोन करून निकाल विचारत होता.

पहिल्यांदा नापास झाले ती माझ्या स्टुडिओच्या सवयीमुळं. आमच्याकडं फोटो सुधारणे म्हणजे माणूस गोरा करणे. नवरी गोरी, नवरदेव गोरा, मागं बर्फाचा डोंगर. धाकट्या जाऊबाईंचा कापूस वेचतानाचा फोटो काढला, तर त्या नागपंचमीची साडी नेसून, पावडर लावून आल्या. मी त्यांना आणखी दोन छटा उजळ केलं आणि आभाळ निळंशार. उत्तर आलं, रंग खोटे आहेत.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. जाऊबाईंना सांगितलं, रोजच्यासारखंच या. त्या आल्या, साडीवर दिरांचा जुना शर्ट, कमरेला कापूस भरायची ओटी, डोक्याला रुमाल. त्यांची संमतीची सहीसुद्धा लागत होती. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिला.

"सही कशाला, बाई? माझ्या वाट्याची जमीन चालली का काय?"

"तुमचा चेहरा चाललाय."

"तो न्या. त्याचा सातबारा न्हाई निघत."

ऊन चांगलं, फोटो स्वच्छ, रंगांना हात लावला नाही. तरी दहापैकी सहा नापास. कारण एकच, डाग.

म्हणून त्या मंगळवारी मी दुसऱ्या खेपेचे दहाही फोटो लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून बघत होते. चहा घेऊन जाऊबाई शेजारी बसल्या. कापसाच्या फोटोत, वर उजव्या कोपऱ्यात एक बारीक काळा ठिपका होता. नवऱ्यानं लांबूनच निदान केलं, "घार असंल." मी पुढचा फोटो लावला, बैलगाडीचा. मग उसाचा. मग वाड्याच्या भिंतीला लावलेल्या मोसंबीच्या ढिगाचा.

"बाई," जाऊबाई म्हणाल्या, "ही घार मोसंबीवर बी आली का?"

मी कप खाली ठेवला. दहाही फोटोंत ठिपका त्याच जागी. फिकट भागात दिसतो, गर्द भागात लपतो. बाहेर काही नव्हतं. जे होतं ते कॅमेऱ्याच्या आत होतं. लेन्स काढून टॉर्च मारला. आत कडेला लाल पूड.

कुंकू.

मग सगळं आठवलं. खंडेनवमीला आमच्याकडं झाडून सगळी औजारं मांडतात. विळे, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, माझा कॅमेरा. पूजा भरगच्च दिसावी म्हणून मीच लेन्स वेगळी काढून ठेवली होती. कॅमेऱ्याच्या तोंडाला झाकण मात्र लावलं होतं. मी सासूबाईंना हाक मारली.

"आत्याबाई, खंडेनवमीला कॅमेऱ्याचं झाकण काढलं होतं का?"

"काढलंच की. झाकणाची काय पूजा करायची?"

"आणि कुंकू आत टाकलं?"

"चांगलं चिमूटभर. सगळ्यांचं तोंड दिसतं, याचं तोंड आतच होतं. मंग कुठं लावू, तुझ्या कपाळावर?"

जाऊबाई हसता हसता चहा सांडून बसल्या. मीही हसले. दीड महिना प्रत्येक क्लिकला ती पूड थोडी थोडी उडून आतल्या काचेवर बसत होती, आणि मी आभाळाला दोष देत होते.

साफ करणं अवघड नाही, घाई मात्र चालत नाही. पदरानं पुसायचं नाही, तोंडानं फुंकायचं नाही. कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्यानं हवा मारली. मग मोकळ्या आभाळाचा फोटो काढून पाहिला. दोन ठिपके उरले होते. परत हवा, परत आभाळ. चौथ्या वेळी कोपरा कोरा निघाला. सासूबाई बाजूला उभ्या राहून म्हणत होत्या, "देवाचं काढून टाकून राह्यली, बघ."

जुन्या फोटोंतले ठिपके खोडण्यापेक्षा मी दहाही फोटो नव्यानं काढले. तीन दिवस गेले. जाऊबाईंनी न कुरकुरता कापूस वेचला, फक्त एकदा म्हणाल्या, "इतका कापूस मी नणंदंला बी कधी वेचून दिला न्हाई."

"तुम्हाला नणंदच नाही."

"म्हणून तं!"

शनिवारी सकाळी पाठवले. गुरुवारी संध्याकाळी भाकरी थापत असताना निकाल आला. पीठभरल्या बोटांनी मोबाइल उघडला. दहापैकी नऊ पास. बैलगाडी नापास, बैलानं मान हलवली होती. सगळ्यात वर होता बोंडात रुतलेल्या हातांचा फोटो, भेगा, काळी नखं, सगळं जसंच्या तसं.

जाऊबाईंनी हात पुढं धरून पाहिले, मागून, पुढून. "हेच पास झाले? हे तं मी पाहुण्यांसमोर पदराखाली घेते."

तव्यावरची भाकरी करपली. नवऱ्यानं मामेभावाला फोन लावून माझ्या हातात दिला, "तूच सांग." मी सांगितलं. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "मंग माझ्या लग्नाचा फोटो तरी काढशील ना, वहिनी?"

"काढेन. पण गोरा नाही करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कॅमेऱ्याची बॅटरी भरून, डबा घेऊन मी स्टँडवर गेले आणि नवे फोटो काढायला जांब समर्थच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जागा धरली.