खुडलेले शेंडे

साऱ्या गोव्यात मला घासाघिशीत हरवणारा एकच माणूस भेटला, आणि त्याने जन्मात कधी घासाघीस केली नाही. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लाटंबार्शाहून डोक्यावर रोपं वाहत मी धंदा उभा केला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्यापुढे भलेभले नमतात. हा मात्र सांगितलेल्या भावाला फणस उचलायचा आणि वर विकणाऱ्या बाईलाच विचारायचा, "झाड बरं आहे ना गे?"

तो वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करायचा. खिशात रुमालाऐवजी पानं. पेडण्यातल्या एका लग्नात अक्षता पडल्या तेव्हा हा मागच्या परसात शेवग्याची पानं निरखत उकिडवा बसलेला. मुलीकडच्यांनी त्याला आचाऱ्याचा माणूस समजून नारळ सोलायला बसवलं. याने सोललेही. बाजारात त्याला शेजारी बसवणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. एका बाईने आंब्याचं कलम हातात घेऊन विचारलं, "पात्रांव, ह्येका आंबे कधी लागतले?" मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "बाये, ह्येचो जोडच अजून लागूक नाय." बाई गेली. मी तापलो, तर म्हणतो, "भावोजी, खरंच लागला नव्हता."

त्याचं सगळं वेड झाडाच्या शेंड्यात. म्हणायचा, "होमिओबॉक्स जनुकं म्हणजे खाणीवरचे मुकादम. त्यांच्यापासून बनलेलं प्रथिन दुसऱ्या जनुकांना सांगतं, तू जागं हो, तू गप्प बस. शेंड्यातल्या थोड्या पेशींना ते म्हातारं होऊ देत नाहीत, म्हणून झाड जन्मभर नवी पानं काढतं." एकदा जाताना पानफुटीचं एक पान त्याने माझ्या कॅलेंडरला टाचणीने टोचून ठेवलं होतं. "माती नको, पाणी नको. हिच्यात मुकादम पानाच्या कडेलाही जागा होतो. बघा."

दोन वर्षांपूर्वी त्याला चोपडे गावात कुणाच्या तरी परसात एक टोमॅटोचं झाड सापडलं. पानं कोथिंबिरीसारखी चिरलेली. मुकादम नको तिथे जागा राहिलाय, असा त्याला संशय. मिळाल्या तेवढ्या बियांची बारा रोपं त्याने माझ्याकडे लावली. फुलं धरायच्या आधीचे शेंडे त्याला तपासायला हवे होते. ज्या दिवशी तो ते न्यायला येणार, त्याच सकाळी झेंडूचे शेंडे खुडत मी ओळीने पुढे सरकलो. रोप दाट व्हावं म्हणून खुडायचं, ही अंगठ्याची तीस वर्षांची सवय. भानावर आलो तेव्हा टोमॅटोचे बाराही शेंडे खुडून झाले होते.

तो आला. उन्हात कोमेजलेले शेंडे एकेक करून वेचले. एवढंच म्हणाला, "फुटवे येतील, भावोजी. पण मला हवं होतं ते वय गेलं."

लाज वाटली की मला राग येतो. मी ओरडलो, "माझ्या जमिनीत लावतोस कशाला मग? चालता हो!" तो खरंच चालता झाला. आधी घरी, मग परदेशातल्या प्रयोगशाळेत. माझी तक्रार अजूनही तीच आहे: त्याने उलट एक शब्द बोलायला हवा होता. मी आकडा टाकला आणि समोरचा उठून गेला, असं माझ्या बाजारात कधी घडलं नव्हतं.

कॅलेंडर बदललं, ते पान मी नव्यावर टोचलं. पान सुकत गेलं आणि त्याच्या खाचाखाचांतून पिल्लं फुटली. मी ती कुंड्यांत लावली. परवा अंगठा सवयीने एका शेंड्यावर गेला आणि तिथेच थांबला. बायको बघत होती. "आता तरी फोन करा मरे त्याला."

केला. पलीकडून पहिलं वाक्य, "शेंडा खुडला नाहीत ना?"

"नाही. कधी येतोस?"

"मेमध्ये बघतो."

"एप्रिलमध्ये ये."

"बरं, भावोजी."

लगेच बरं म्हणाला. इतक्या चटकन हो म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, हे मला तीस वर्षांच्या बाजाराने शिकवलंय. तरी मी त्या कुंड्या दुकानातून घरामागे नेल्यात. काल घरी रोपं न्यायला आलेल्या एकीने किंमत विचारली. विकायच्या नाहीत म्हटलं, तर तिला वाटलं मी भाव वाढवतोय.