बरं, जातो मी

माझ्या आत्याची कादंबरी ज्यांनी वाचली नाही, त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी वाचली आणि वर मतं दिली, त्यांच्यावर आहे. त्यातही नावं ठेवणाऱ्यांपेक्षा डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांवर जास्त. का, ते सांगते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उभी हयात तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. जिन्याखालची कोंदट खोली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची आणि कानाला जड हेडफोन. घरी कोणी नुसतं "आत्या" म्हणून हाक मारली, तरी ती "बोला!" म्हणून खेकसायची. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, सुनांची उणीदुणी काढतात. हिने हेरकथा लिहायला घेतली. आमच्याकडे हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

बाबा म्हणाले, "ताई, शेजारच्या घरात काय चाललंय ते तुला कळत नाही. तू हेर काय पकडणार?"

"पकडणार," आत्या म्हणाली. "एकदा सुटला. आता नाही सुटायचा."

बाबांनी लगेच पेपर उघडून तोंडासमोर धरला. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, फार वर्षांपूर्वी एका सकाळी घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. मेले नाहीत, चांगले धडधाकट, दुसऱ्या गावात दुसरा संसार थाटून बसले. रोज दारात चप्पल घालताना ते "येतो गं" म्हणायचे. आपण सगळेच म्हणतो. निघालेला माणूस जात असतो, पण तोंडाने म्हणतो "येतो". "जातो" म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच दटावतात. त्या सकाळी आतोबा म्हणाले, "बरं, जातो मी." आत्या गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभी होती. ती "हं" म्हणाली. दूध तेवढं वाचलं, असं ती स्वतःच हसून सांगते. हसणं मात्र फार वेळ टिकत नाही. दिवसभर परक्या माणसांचं बोलणं ऐकण्याचा पगार घेणाऱ्या बाईला घरातला एवढा एक शब्द ऐकू आला नाही, हे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

म्हणून ती कादंबरी. त्यात एक सरकारी कचेरी आहे, सगळ्यांचा लाडका एक साहेब आहे आणि कोपऱ्यात एक टायपिस्ट बाई आहे. साहेब शत्रूचा हेर. वर्षानुवर्षं तो संध्याकाळी "येतो हं" म्हणून घरी जातो. शेवटी एक दिवस नकाशे पिशवीत घालून तो कायमचा निघतो, आणि दारात त्याच्या तोंडून खरं तेच निसटतं, "बरं, जातो मी." पुढचं वाक्य असं: तिचा हात टाइपरायटरवर थांबला. मग ती उठते, फोन फिरवते आणि साहेब स्टेशनाच्या दारात पकडला जातो. सगळी कादंबरी त्या एका शब्दावर उभी आहे.

पुस्तक छापून आलं. आत्याने आधी त्याचा वास घेतला, मग पदराने पुसलं, मग थेट ते पान उघडलं. पानावर होतं: "बरं, येतो मी." आणि खाली, तिचा हात टाइपरायटरवर थांबला.

हा पराक्रम अनुस्वारांचा. अनुस्वार म्हणजे प्रकाशकांकडचे मुद्रितं तपासणारे गृहस्थ. अंगाने एवढेसे आणि कायम दुसऱ्याच्या शब्दाच्या डोक्यावर बसलेले, म्हणून हे नाव. आत्याने तिथल्या तिथे फोन लावला. मी शेजारीच होते.

"अहो, तुम्ही 'जातो'चं 'येतो' केलंत!"

"केलं ना," अनुस्वार खुशीत म्हणाले. "शेवटच्या वाचनात सापडलं म्हणून बरं. निघताना 'जातो' म्हणू नये. छापील पुस्तकात तर नाहीच नाही."

"अहो, तो हेर आहे!"

"हेर असला म्हणून काय झालं? चांगल्या घरातला दाखवलाय तुम्ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिशा उपटून हातात द्यायला माणूस समोर नव्हता, एवढंच. बरं, आत्याने हे दुःख गिळलंही असतं. पण मग वाचक आले.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पुस्तकावर चर्चा ठेवली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, अर्ध्या वाक्यात किंचाळणारा माईक, आणि पहिल्या रांगेत आत्या, इस्त्रीच्या साडीत, ताठ. एक बँकवाले उठले आणि म्हणाले, पुस्तक छान धावतं, पण टायपिस्टला कळलं कसं? लेखिकेलाच ठाऊक नसावं. एका निवृत्त फौजदारांनी पुराव्याशिवाय अटक कशी झाली म्हणून आवाज चढवला. एक डॉक्टर म्हणाले, हात थांबला कारण बोटांना मुंग्या आल्या असतील, टायपिस्ट लोकांना तो त्रास असतोच. एका बाईंनी तर डोळेच टिपले. "प्रेम होतं हो तिचं. रोजचं 'येतो' त्या दिवशी सहन नाही झालं." प्रेम! आतोबांवर! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

इथवर मी दात आवळून बसले होते. नावं ठेवणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. जे छापलं होतं त्याला काही अर्थच नव्हता. पण मग एक प्राध्यापक उठले. ते म्हणाले, या कादंबरीचं सगळं थोरपण त्या न सांगितलेल्या कारणात आहे. "हात थांबतो, कारण अर्थ थांबतो." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा राग मला अजून आहे. मुद्रितातली चूक, आणि तिला थोरपण!

आत्या उभी राहिली. म्हणाली, "माफ करा, तिथे खरं म्हणजे दुसराच शब्द..."

"नको, नको," प्राध्यापक हात जोडून हसले. "लिहून झालं की लेखकाने बोलू नये. आता ते आमचं."

हॉल हसला. आत्या खाली बसली. तुमचं कसं? दुधाशी उभी तुम्ही होतात का? मला ओरडून विचारायचं होतं, पण आत्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

गूढ शेवटाची गावभर चर्चा झाली आणि पुस्तक संपलं. दुसरी आवृत्ती निघणार असं कळल्यावर आत्याच्या जिवात जीव आला. आता तरी शब्द जागेवर येईल. आम्ही दोघी प्रकाशकांच्या कचेरीत गेलो. आत्याच्या कापडी पिशवीत तिची नवी कादंबरी होती. तीही त्यांनाच द्यायची, असं ती ठरवून आली होती. प्रकाशक टेबलामागे फोनवर बोट फिरवत बसले होते. खिडकीशी अनुस्वार लाल पेन घेऊन कुणाच्या तरी मुद्रितांवर वाकलेले. आत्याने एकच मागणं केलं.

"शब्द बदलू?" प्रकाशक म्हणाले. "बाई, त्या गूढावर तर पुस्तक खपतंय. तुमचा 'जातो' घातला की राहिलं काय? एक बाई, एक शब्द ऐकते, झालं! इतकं साधं लोकांना नाही आवडत."

"चांगल्यासाठीच केलं होतं मी," खिडकीतून अनुस्वार पुटपुटले.

आत्या जराही चढ्या आवाजात बोलली नाही. बोर्डावर बोलायची तशी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "माझ्या घरातून कायमचा निघालेला माणूस 'येतो' म्हणाला नव्हता. 'जातो' म्हणाला होता. मी ऐकलं नाही. म्हणून मी ती बाई लिहिली, जिने ऐकलं. तुम्ही त्याच्या तोंडी 'येतो' घातलंत. म्हणजे तिनेही नाही ऐकलं."

मला वाटलं, आता तरी हा माणूस पाघळेल. प्रकाशकांनी क्षणभर मान वर केली आणि म्हणाले, "वा! हे छान आहे. नव्या कादंबरीत घाला की. आणलीय ना?"

नव्या कादंबरीत घाला! मी खुर्ची मागे सरकवली. काय बोलणार होते देव जाणे, पण आत्या माझ्या आधी उठली. पिशवी टेबलाशेजारी ठेवलेली होती. तिने ती उचलली, तिचे बंद एकदा हाताला गुंडाळून घेतले आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

"बरं, जाते मी."

"हो, हो, या," प्रकाशक म्हणाले. त्यांचं बोट परत फोनवर फिरायला लागलं होतं.

खिडकीशी अनुस्वारांचा हात मुद्रितावर थांबला. त्यांनी वर पाहिलं, आधी आत्याकडे, मग तिच्या हातातल्या पिशवीकडे. "येते म्हणावं" असं ते म्हणाले नाहीत.