बंद जीपला बाहेरून लावलेला जोर

दोन हजार चारच्या सुमारास गोंदियातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची एकच जागा निघाली. मुलाखतीला मी जिल्ह्यातल्याच गोरेगावहून काळी-पिवळी जीपनं निघाले. पुढच्या सीटवर त्याच जागेचा दुसरा उमेदवार होता, पांढऱ्या पॅन्टमध्ये. मला गुण जास्त होते, त्याला आवाज जास्त होता.

गोंदियाच्या अलीकडचं फुलचूर अजून दूर होतं, तोच जीप बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, "सेल्फ लागून नाही राहिला. उतरा, धक्का मारा."

"आमी काऊन उतरावं? भाडं कायचं घेऊन राहिला?" असं म्हणत एक काका बसल्या जागीच पुढच्या दांड्याला रेटू लागले. मग सगळेच रेटू लागले. "जोर लगा के हैय्या!" अशी आरोळीही झाली. जीपनं काही मनावर घेतलं नाही.

आमच्या उमेदवाराला स्फुरण चढलं. "काका, आतून कितीही रेटा, गाडीचं वस्तुमानकेंद्र जागचं हलत नाही. आतली बलं एकमेकांना खाऊन टाकतात. बाहेरचं बल पाहिजे." शंभर टक्के बरोबर. एवढं सांगून त्यानं पॅन्टची घडी सारखी केली आणि नीट टेकून बसला.

मुलाखत हुकेल या धसक्यानं मीच उतरले. मागच्या फळीवर लोंबकळणारे दोघेही उतरले. पदर खोचला, तिघांनी मिळून ढकललं. पुढे जरा उतार होता. इंजिन खोकलं, धरलं, आणि ते दोघे पळत जाऊन फळीवर चढले. साडीत मला ते जमणार नव्हतं.

"अरे, थांबव!" मी ओरडले.

"थांबलो त पुन्हा बंद पडते वो मॅडम!" ड्रायव्हर ओरडला. उमेदवारानं खिडकीतून हात तेवढा हलवला.

मी धानाच्या ट्रॅक्टरवर बसून पोचले, तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. जागा त्याला मिळाली. मला अजून संताप येतो, आणि तो आवरावा असं मुळीच वाटत नाही.

पुढे माझी भाची त्याच्याच वर्गात गेली. बाहेरच्या बलाचा हा धडा सर फार छान शिकवतात म्हणे, बंद पडलेल्या जीपचं उदाहरण देऊन.

"आणि ढकलणाऱ्याचं पुढे काय होतं, ते सांगतात का?" मी विचारलं.

"नाही मावशी," ती म्हणाली, "त्याला गणितात धरायचंच नसतं."