शोध अहवाल येईपर्यंत

इंग्लंडमधल्या बेकप गावात, मार्केट स्ट्रीटवर बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक वकिली पेढी आहे. डोरीन एंटविसल तिथे चौतीस वर्षं घरांच्या खरेदीविक्रीचं काम पाहत होती. गावातल्या निम्म्या घरांचे नकाशे तिला तोंडपाठ होते. कुठल्या दोन घरांमधली भिंत कुणाची, कुठल्या परसातून शेजाऱ्याला जायची वाट आहे, कुठली जमीन मालकीची आणि कुठली नऊशे नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची, हे ती चहा ढवळता ढवळता सांगायची.

लोक तेच तेच विचारत.

"घर आमचं कधी होणार हो?"

"दोन्ही वकिलांनी फोनवर करारांची अदलाबदल केली की दोघंही बांधले गेलात. त्याच्या आदल्या मिनिटाला विकणारा उठून गेला, तरी त्याला कुणी जाब विचारू शकत नाही."

"पण त्याने हातात हात दिलाय."

"हात धुता येतो," डोरीन म्हणायची. "पडद्यांचं कापड इतक्यात आणू नका."

नवराबायको आले की ती विचारायची, एक गेला तर घर आपोआप दुसऱ्याचं व्हावं, की ज्याचा त्याचा वाटा वेगळा राहावा? तरुण जोडपी यावर एकमेकांकडे बघून हसत. डोरीन हसत नसे. पेन खाली ठेवून ती उत्तराची वाट बघत बसे.

तिचा एक नियम मात्र कुणालाही मोडता येत नसे. नगरपालिकेचा शोध अहवाल हातात आल्याशिवाय अदलाबदल नाही. घरावरून रस्ता जाणार आहे का, कुठली नोटीस लागली आहे का, हे त्या अहवालात असतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका जोडप्याने घाई केली, आणि डोरीनने ती करू दिली. अहवाल नंतर आला. त्यांच्या बागेतून रस्ता जाणार होता. ती बाई पेढीत आली, कोट न काढता अर्धा तास बसली आणि निघून गेली. त्यानंतर डोरीनने कधी घाई केली नाही.

ती स्वतः अल्मा स्ट्रीटवर चौदा नंबरला भाड्याने राहायची. सव्वीस वर्षं. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागे फरसबंदी परस आणि त्यामागे उघडी टेकडी. लग्न झालं नव्हतं. आई शेवटची पाच वर्षं वरच्या मागच्या खोलीत होती आणि तिथेच गेली. घराचे मालक सिरिल क्रॉशॉ चार दारं सोडून राहत. आयुष्यभर त्यांनी सपातांच्या कारखान्यात काम केलं होतं. दर नाताळात ते डोरीनला सपातांचा एक जोड देत. माप नेहमी चुकायचं.

त्या फेब्रुवारीत ते तिच्या दारात आले आणि टोपी न काढता म्हणाले, "डोरीन, हे घर तू घेऊन टाक."

"मिस्टर क्रॉशॉ, आत तरी या."

"आत आलो की तू चहा करशील, मग मी विषय विसरेन. परवडेल त्या किमतीत घे. मी सत्त्याऐंशीचा आहे. हल्ली दुधाची मोठी बाटलीसुद्धा घेत नाही मी."

डोरीनने दाराच्या चौकटीला हात टेकला. एकसष्ट वर्षांची झाली होती ती.

दुसऱ्या दिवशी मात्र ती पूर्वीसारखीच होती. तिने सिरिलना स्वतंत्र वकील घ्यायला लावला. पलीकडच्या गावातला.

"माझ्या बाजूने वेगळा वकील कशाला? मी काय तुला फसवतोय?"

"मी तुम्हाला फसवू नये म्हणून," डोरीन म्हणाली. "सव्वीस वर्षांची भाडेकरू आणि त्यात या धंद्यातली बाई. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील म्हाताऱ्याला शेवटी अक्कल आली."

तिच्या बाजूचं काम पेढीतली जोसी बघत होती. जोसी नुकतीच वकील झाली होती. तिला हे काम शिकवलं होतं डोरीननेच. तीन आठवड्यांत सगळं तयार झालं. डोरीनला कर्ज काढायचं नव्हतं, त्यामुळे बँकेचा प्रश्न नव्हता. दोन्ही करारांवर सह्या झाल्या. कागद दोन्ही पेढ्यांत पडून होते. फक्त तारीख घालायची राहिली होती. एक फोन, एवढंच.

शोध अहवाल आला नव्हता. नगरपालिकेत तो विभाग बघणारी बाई आजारी होती. चार आठवडे झाले. मग सहा.

"डोरीन, मी उद्या फोन करू का?" जोसीने विचारलं. "मागे टेकडी आहे. तिथून कोण रस्ता काढणार?"

"अहवाल आला की कर."

"तुम्ही सव्वीस वर्षं राहताय तिथे!"

"म्हणून काय झालं? माझ्यासाठी नियम वेगळा?"

सिरिलनी रस्त्यात गाठून विचारलं, "अगं, माझं घर मला विकता येईना, ही काय तऱ्हा? काय शोधतायत ते, सोनं?"

"येईल हो. आठवड्याभरात येईल."

त्या संध्याकाळी ती मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. ओट्याच्या जागी खिडकीखाली टेबल बसेल का, ते तिने मोजलं. आकडा मात्र कुठे लिहून ठेवला नाही.

गुरुवारी दुपारी सिरिल क्लबात डॉमिनो खेळत होते. पाळी त्यांची होती. समोरच्याने दोनदा हाक मारली. त्यांचा हात टेबलावर सोंगटीवर होता, पण ते गेले होते.

अहवाल मंगळवारी आला. रस्ता नाही, नोटीस नाही, काहीच नाही. जोसीने तो डोरीनच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. डोरीनने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. प्रत्येक पानावर कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

अदलाबदल झाली असती तर सिरिलच्या माघारीही वारसांना घर द्यावंच लागलं असतं. हे डोरीनने किती जणांना समजावून सांगितलं होतं. आता तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मृत्युपत्राचं काम सिरिलचा पुतण्या ग्रॅहम बघत होता. तो स्टॉकपोर्टहून आला. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा घेतला, बिस्किट नको म्हणाला.

"काकांच्या मनात होतं, मला माहीत आहे. पण आम्ही चौघं वारस आहोत. बाजारभावापेक्षा कमीत दिलं तर बाकीचे तिघं मला धारेवर धरतील. तसं करता येतं का मला? तुम्हीच सांगा."

"नाही येत," डोरीन म्हणाली.

"मग तुम्ही बाजारभावाने घ्याल?"

"तेवढे नाहीत माझ्याकडे."

त्याने कप खाली ठेवला. "सॉरी," तो म्हणाला. डोरीनने मान हलवली.

पेढीतली रिसेप्शनची रीटा तिच्यासाठी भांडली. "कोर्टात खेच त्याला! म्हाताऱ्याने शब्द दिला होता, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"घराबाबत तोंडच्या शब्दाला किंमत नसते, रीटा."

"मग तुमच्या त्या कायद्याला तरी काय किंमत!"

डोरीन दुसऱ्या कुणाची तरी फाइल चाळत राहिली.

मँचेस्टरचं एक जोडपं घर घ्यायला तयार झालं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या वकिलाकडून एक कागद आला. घरात राहणाऱ्या व्यक्तीने त्यावर सही करायची: ताब्याच्या दिवशी मी घर रिकामं करीन, माझा कुठलाही हक्क सांगणार नाही. सही करण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा, असं वर ठळक छापलं होतं.

डोरीन जोसीच्या खोलीत गेली. दार लावलं. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"वाच," ती म्हणाली.

जोसी वाचू लागली. दुसरं कलम संपलं. तिने पान उलटलं.

"तिसरं राहिलं."

"डोरीन, तुम्हाला पाठ आहे सगळं."

"माझ्यासमोर अशिलाने सही केली असती आणि मी एक कलम गाळलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस? वाच."

जोसीने तिसरं कलम वाचलं. मग चौथं. मग तिने विचारायचं ते विचारलं: समजलं का, कुणाचा दबाव नाही ना, स्वखुशीने सही करताय ना.

पहिल्या दोन प्रश्नांना डोरीनने लगेच उत्तर दिलं. तिसऱ्याला वेळ लावला.

"तसं लिही," ती म्हणाली.

तिने पेन घेतलं. सही केली. खाली पत्त्याची ओळ होती. तिथे हात थांबला.

"जोसी, इथे कुठला पत्ता घालतात? आजचा, की जिथे जाणार तिथला?"

हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

"आजचा," जोसी म्हणाली.

डोरीनने लिहिलं. घराचा नंबर, अल्मा स्ट्रीट, बेकप, लँकशर, आणि शेवटी पोस्टकोड, एकेक अक्षर सुटं. मग शाई वाळेपर्यंत कागदावरून नजर काढली नाही.