चारचा वर्ग

त्या दिवशी मी आनंदाने अक्षरशः नाचले होते. शीव कोळीवाड्यातल्या आमच्या संस्थेच्या वाचनवर्गात दहा वर्षांची एक मुलगी यायची. जोडाक्षर दिसलं की तिची गाडी ठप्प. असे पाच महिने गेले आणि त्या दिवशी तिने एक अख्खं पान कुणाच्याही मदतीशिवाय वाचलं. पुटपुटत, अडखळत, पण वाचलं! मी संस्थेत फोन केला, घरी फोन केला, दादरला परतल्यावर जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनाही पकडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बघता बघता आठवडा गेला. मला राग पटकन येतो आणि आला की घरी बसवत नाही. तिची आई मासळीबाजारात बसते हे ठाऊक होतं. तरातरा तिथे गेले.

संध्याकाळचे साडेचार वाजले होते. मुलगी आईशेजारी बर्फ फोडत होती. मला बघताच तिने मान खाली घातली. मी वाटेत जुळवलेलं भाषण सुरू केलं: आत्ता वाचन सुटलं तर पाच महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, वगैरे वगैरे. आईने कोलंबी सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ असायची माझ्या जोडीला. ती बाळंतपणाला माहेरी गेलीय," ती म्हणाली. "तुमचा वर्ग चारला, माझं गिऱ्हाईक पण चारलाच. एकटीने काय काय करू, टीचर? पोरगी नाय येणार आता."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. एक बकरी चुकून शहराच्या बसमध्ये चढते, अशी त्यात गोष्ट होती. "दोनच मिनिटं ऐका," म्हणत मी ते वजनकाट्याला टेकवून उभं केलं. मुलीने आईकडे पाहिलं.

"वाच गो. पण हात चालू ठेव."

आणि काय सांगू! वर्गात जिचा आवाज शेजारच्या मुलालाही ऐकू जात नसे, तीच मुलगी तिथे खणखणीत वाचायला लागली. बाजारात हळू बोलून कुणाचं भागतं? एका जोडाक्षरापाशी थांबली, पुन्हा मागे गेली आणि तेही तिने सर केलं. पलीकडची मावशी सुरमईचे तुकडे करायची थांबली. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "कोलंबी कशी दिली?"

"थांबा ताई," आई म्हणाली, "बकरी बसमधी चढलीय."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. पण मग गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि पुस्तक मिटावं लागलं. मी निघाले तशी आई मागून म्हणाली, "दुपारी दोनला बाजार थंड असतो. पोरं शाळेतनं येऊन नुसती भटकत असतात. तवा का नाय घेत वर्ग?"

चारची वेळ आम्ही संस्थेच्या कार्यालयात चहा पिता पिता ठरवली होती, आमची जेवणं आणि वामकुक्षी सांभाळून. कोळीवाड्यात कुणाला तरी विचारावं हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली, पण उत्साह इतका की बाजारातूनच मी सगळ्यांना फोन लावले. उद्यापासून दोन!

दुसऱ्या दिवशी दोनला पोचले तर मुलगी पहिल्या रांगेत हजर. आणि दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, तिची आईही बसलेली.

"ती बकरी बसमधून उतरली का शेवटी?" तिने मला विचारलं. "तेवढं सांगा, मग जाते मी."

"मला नका विचारू," मी म्हटलं. "हिला विचारा."

आई लेकीकडे बघत राहिली. मुलीने पुस्तक उघडलं, कालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आई, मधे बोलायचं नाय."