काकांची दोन टिंबं

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते पनवेलला कचेरीबाहेर इंग्रजी अर्ज टाइप करून देणाऱ्या काकांचे. आमच्या घरात मी पहिला पदवीधर, पण माझा नोकरीचा पहिला अर्ज त्यांनीच लिहिला.

ते भराभर टाइप करतात. फक्त कोलन आला की थांबतात, चष्मा वर सारतात आणि बटण हळूच दाबतात. "दोन टिंबं दिली का सायेब थांबतो. नाय तर तुजं नाव पन बगत नाय." 'माय स्किल्स आर' लिहिलं की पुढे त्यांची दोन टिंबं ठरलेली.

कामोठ्याच्या ऑफिसात नोकरी लागल्यावर तिथल्या मॅडमनी मी लिहिलेल्या पत्रातला अगदी तसाच कोलन खोडला. "आधीचं वाक्य पूर्ण असेल तरच द्यायचा," त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात काकांनी अर्जाचा नवा नमुना माझ्यापुढे धरला. "आता सगल्यांना ह्योच देनार. तू शिकलेला हायस, चूक असंल तं सांग."

तीच चूक तीन ठिकाणी होती. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "एकदम बरोबर आहे, काका."

ते गिऱ्हाइकांकडे वळले. "बगा, ग्रॅज्वेट बोलतो!"

काल त्यांना पत्र टाकलं:

"काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. 'आर'नंतरची टिंबं काढायला हवीत. तसं बोललो ते तुमचा मान राखायला की घाबरून, हे मला कळत नाही. तशाच अर्जावर मला नोकरी कशी लागली, तेही कळत नाही. रविवारी येतो. हवं तेवढं रागवा, पण तोवर नमुना कुणाला देऊ नका."